कुठे राईचा पर्वत, कुठे सरळ कानाडोळा. आपण असं का करतो?

उंबरठा

बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो. लांबेल थोडं, सांभाळून घ्या.

काही वर्षांपूर्वी ऑफिसमधली एक ज्युनिअर सहकारी मला म्हणाली की मीटिंगमधे बायकांचं बोलणं मधेच तोडतात, कोणी पूर्ण वाक्य बोलूच देत नाही. मी तिला काय म्हणालो माहितीये? "अगं बाऊ करू नकोस, इथे सगळ्यांनाच तोडतात." झालं, विषय संपला. ती परत काही बोलली नाही आणि मला वाटलं तिला पटलं.

त्याच काळात मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो की मोबाईलमुळे अख्खी पिढी वाया गेलीये, आता काही खरं नाही. पुरावा काय होता माझ्याकडे? नात्यातली दोन मुलं. दोन! त्यातला एक तर आता नीट शिकतोय, नोकरीपण लागेल. पण मी त्या दोघांवरून स्वर्ग गाठला होता.

मग पुढे मीटिंगच्या नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे आलं. नोंदी घेताना सहज म्हणून समासात रेघा मारायला लागलो, कोणाचं बोलणं कोणी तोडलं. तीन आठवडे मारल्या. खोलीत बायका कमी होत्या, आणि तरी त्यांच्या नावापुढच्या रेघा पुरुषांपेक्षा जास्त. त्याहून वाईट म्हणजे तोडणाऱ्यांच्या बाजूला माझं नाव दुसऱ्या नंबरवर. तो कागद बघून खरंच लाज वाटली.

तेव्हापासून विचार करतोय की एकाच डोक्यात हे दोन्ही कसं काय चालू होतं. मी भावनाप्रधान आहे म्हणून मोबाईलचं वाढवून सांगत होतो असं म्हणावं, तर दुसरीकडे दगडासारखा थंड होतो. मला सापडलेलं उत्तर असं की मोबाईलच्या प्रश्नात माझ्याकडून कोणी काहीच मागत नव्हतं. चूक पोरांची नाहीतर त्यांच्या आईबापांची, मी नुसता मान हलवणार. पण ती म्हणत होती ते खरं मानलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून मला तोंड बंद ठेवावं लागलं असतं. म्हणजे प्रश्न केवढा आहे हे मी ठरवतच नव्हतो, त्याचं उत्तर मला कितीला पडणार हे आधी बघत होतो आणि त्या हिशोबाने प्रश्न लहान नाहीतर मोठा करत होतो.

यावर ट्रॉय कॅम्पबेल आणि ॲरन के यांचा अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात केलेला अभ्यास आहे, २०१४ चा. रिपब्लिकन, म्हणजे तिथल्या उजव्या पक्षाच्या विचारांच्या लोकांना तापमानवाढीबद्दल एक विधान दिलं. त्याआधी काहींना सांगितलं की यावर उपाय म्हणजे सरकारी निर्बंध, तर २२ टक्के लोक विधानाशी सहमत झाले. काहींना सांगितलं की उपाय मुक्त बाजारातून निघेल, तर ५५ टक्के सहमत. विधान तेच, तापमान तेच. आणि हे एकाच बाजूचं नाहीये बरं का. घरफोडीत होणाऱ्या हिंसेवर उपाय म्हणून बंदुकीचे कायदे सैल करा असं सुचवल्यावर, बंदुकांवर निर्बंध हवेत म्हणणारे लोक अशा घरफोड्या किती होतात ते कमी लेखायला लागले.

तुमचे अनुभव सांगा. दुसऱ्यांचे नकोत शक्यतो, स्वतःचे.

---

कंदील

चांगला धागा. मला मात्र वाटतं की वाढवून सांगण्यामागे तुम्ही म्हणता त्यापेक्षा साधं कारण जास्त वेळा असतं, जे पटकन आठवतं ते जास्त घडतं असं आपल्याला वाटतं. ट्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मधेच हे दाखवलं होतं. इंग्रजीत के अक्षराने सुरू होणारे शब्द जास्त की के तिसऱ्या जागी असलेले, असं विचारलं तर बहुतेक लोक सुरू होणारे म्हणतात, कारण ते आठवायला सोपे. खरं तर तिसऱ्या जागी के असलेले शब्द जास्त आहेत.

आता शब्दांच्या जागी गुन्हे, अपघात, रोगांच्या साथी ठेवून बघा. अमेरिकेत १९९३ नंतर पंचवीसेक वर्षांत हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, पण त्याच काळात गॅलप या संस्थेच्या जनमत चाचण्यांमधे बहुतेक वर्षी बहुसंख्य लोक म्हणत होते की गुन्हे गेल्या वर्षीपेक्षा वाढले. खोटं बोलत नव्हते हो ते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. बातमीत खून दिसतो, न झालेला खून कसा दिसणार.

आणि अशा समजुतीने माणसं मरतात हे पण लिहितो. २००१ च्या ११ सप्टेंबरच्या विमानहल्ल्यांनंतर बऱ्याच अमेरिकनांनी विमान टाळून गाडीने लांबचे प्रवास केले. गेर्ड गिगरेंझर यांनी हिशोब मांडला की त्या पुढच्या बारा महिन्यांत रस्त्यावर अंदाजे १५०० जास्तीचे मृत्यू झाले. भीतीने जास्त धोक्याच्या रस्त्यावर नेऊन सोडलं त्यांना.

---

नदीकाठ

मी लहान मुलांसोबत काम करते. उंबरठा, तुम्ही दोन वेगळे प्रश्न घेतलेत, पण एकच प्रश्न आधी नाकारला गेला आणि मग फुगवला गेला असंही घडलेलं आहे आणि दोन्ही वेळेला मार मुलांनीच खाल्ला. सविस्तर लिहिते.

१९४६ मधे जॉन कॅफी नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी सहा तान्ह्या बाळांबद्दल लिहिलं, मेंदूभोवती रक्तस्राव आणि हातापायांच्या लांब हाडांना फ्रॅक्चर, काही जुनी, काही नवी. आज कोणतीही नर्स ते एक्सरे बघून काय झालंय ते सांगेल. पण तेव्हा पुढची कित्येक वर्षं डॉक्टर मंडळी हाडांचे दुर्मिळ आजार शोधत बसली. कारण समोर बसलेले आईबाप चांगल्या घरातले, नीट बोलणारे, काळजीने रडणारे. ते मारतात हे मान्य केलं तर डॉक्टरला पोलिसांशी बोलावं लागणार, कोर्टात उभं राहावं लागणार, आणि सगळ्यात अवघड म्हणजे रोज दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक आईबापाकडे वेगळ्या नजरेने बघावं लागणार. तुमचं "कितीला पडणार" इथे शब्दशः लागू होतं.

१९६२ मधे हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७१ रुग्णालयांची माहिती गोळा करून छापली. एका वर्षात मारहाण झालेली ३०२ मुलं, त्यातली ३३ गेली, ८५ मुलांच्या मेंदूला कायमची इजा. त्यानंतर पाचेक वर्षांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी अशी शंका आली तर कळवण्याचे कायदे केले. एक्सरे सोळा वर्षं आधीपासून होते. फक्त बघायचं कोणी ठरवलं नव्हतं.

आता दुसरं टोक. १९८३ मधे कॅलिफोर्नियातल्या एका बालवाडीवर अत्याचाराचे आरोप झाले. शेकडो मुलांच्या मुलाखती घेतल्या, आणि त्या अशा की मूल "नाही" म्हणालं तर परत विचारायचं, "हो" म्हणालं की शाबासकी. शेवटी भुयारं, सैतानाची पूजा, काय काय त्यात आलं. खटले १९९० पर्यंत चालले, एकालाही शिक्षा झाली नाही. अशा सैतानी टोळ्यांच्या आरोपांचा अभ्यास एफबीआयचे केनेथ लॅनिंग यांनी वर्षानुवर्षं केला आणि १९९२ च्या अहवालात लिहिलं की संघटित सैतानी टोळ्यांचा पुरावा मिळत नाही.

माझ्या कामात मला याचा काय त्रास होतो सांगू? मूल काही सांगायला लागलं की खोलीतल्या मोठ्या माणसांचे दोन गट पडतात. एक म्हणतो मुलं काहीही बोलतात, दुसरा म्हणतो मुलं कधीच खोटं बोलत नाहीत. मूल काय सांगतंय ते ऐकायला दोघांनाही वेळ नसतो. ऐकायचं म्हणजे "मग काय झालं?" एवढंच विचारून गप्प बसायचं, आणि ते गप्प बसणं फार जड जातं. मलाही जातं, इतक्या वर्षांनी.

---

पाऊलखुणा

नदीकाठ ताई, वाचून सुन्न झाले. "मग काय झालं" लक्षात ठेवेन.

---

साधामाणूस

थोडा विरोध नोंदवतो, राग मानू नका कोणी.

हे बायस बायस (म्हणजे पूर्वग्रह) म्हणणं ऐकायला छान वाटतं पण प्रत्यक्षात हा शब्द कोणाच्या तोंडी असतो ते बघा. मी जिथे काम करतो तिथे एका विभागात केमिकलचा वास येतो, डोळे चुरचुरतात, डोकं धरतं. आम्ही चारपाच जणांनी तक्रार केली. उत्तर काय मिळालं, एकाला त्रास झाला की सगळ्यांना होतोय असं वाटायला लागतं, मनाचे खेळ असतात. म्हणजे ज्याला त्रास होतोय त्याचाच पूर्वग्रह, आणि जो एसीत बसून नाही म्हणतोय तो एकदम निःपक्षपाती! ज्याचं जळतं त्याला कळतं हो. तुमचे अभ्यास आमच्यावरच उलटवले जातात आणि आमच्याकडे परत बोलायला शब्द नसतात.

म्हणून मला असल्या धाग्यांची भीती वाटते. "लोक वाढवून सांगतात" एवढंच वाक्य साहेब उचलेल, बाकीचं सोडून देईल.

---

मोजपट्टी

साधामाणूस, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि त्याला इतिहासात आधार पण आहे. रोनाल्ड फिशर हे नाव संख्याशास्त्रात केवढं मोठं, प्रयोग कसा आखायचा हे जगाला शिकवणारा माणूस. १९५० मधे डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी सिगारेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवला तर १९५७-५८ मधे हे फिशर तो पुरावा पुरेसा नाही म्हणून जोरात भांडत होते. स्वतः पाईप ओढायचे आणि तंबाखू कंपन्यांचे सल्लागारही होते. हुशारी असली की पूर्वग्रह जातो असं काही नाही, उलट त्याला चांगला वकील मिळतो.

डॅन केहान यांच्या टीमचा प्रयोगही असाच आहे. आकड्यांचं एक कोष्टक त्वचेच्या क्रीमबद्दल म्हणून दिलं तेव्हा गणितात पक्के लोक बरोबर उत्तर काढत होते. तेच आकडे बंदूकबंदीबद्दल म्हणून दिले तेव्हा गणितात पक्के असलेलेच लोक आपापल्या पक्षाला सोयीचं उत्तर काढून एकमेकांपासून जास्त फाकले.

आता माझ्या विषयावर येतो, आकडे. आकडा वाढला म्हणजे प्रश्न वाढला असं धरून चालणारे आणि आकडा कमी आहे म्हणजे प्रश्नच नाही म्हणणारे, दोघंही एकच चूक करतात, मोजलं कसं ते विचारत नाहीत. स्वीडनचं उदाहरण बऱ्याच वादात फेकलं जातं, की तिथे बलात्कार जगात सगळ्यात जास्त वगैरे. तिथे २००५ मधे कायद्यातली व्याख्या रुंद केली, आधी दुसऱ्या गुन्ह्यात मोडणाऱ्या गोष्टी त्यात आल्या. शिवाय एकाच नात्यात तेच अनेकदा घडलं तर प्रत्येक वेळ वेगळी मोजतात, बऱ्याच देशात ते एकच प्रकरण धरतात. त्यामुळे दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. पण म्हणून "सगळा मोजण्याचा घोळ आहे, काही झालेलं नाही" असंही म्हणता येत नाही, कारण जिथे आकडा शून्याजवळ आहे तिथे बऱ्याचदा तक्रार घ्यायलाच कोणी बसलेलं नसतं.

---

कंदील

यात अजून एक गोष्ट घालतो. २०१८ मधे लेव्हारी, गिल्बर्ट वगैरेंचा एक प्रयोग आला. स्क्रीनवर निळे आणि जांभळे ठिपके, लोकांनी निळा कुठला ते सांगायचं. हळूहळू निळे ठिपके कमी केले. तर लोक आधी ज्याला जांभळा म्हणत होते त्यालाच निळा म्हणायला लागले. आधी सांगून ठेवलं की निळे कमी होणार आहेत, तरी तेच. मग धमकावणारे चेहरे घेतले, तिथेही तसंच झालं, खरे धमकावणारे कमी झाल्यावर साध्या चेहऱ्यातही धमकी दिसायला लागली. म्हणजे प्रश्न कमी झाला तरी आपल्याला तो तेवढाच वाटत राहू शकतो.

---

नदीकाठ

कंदील, प्रयोग चांगला आहे पण त्याचा अर्थ जपून लावा. ठिपक्याचा रंग बदलत नाही, माणसाची मर्यादा बदलू शकते आणि कधीकधी बदलायलाच हवी. शाळेत छडी मारणं एकेकाळी कोणी अत्याचारात धरत नव्हतं. आज धरतात तर ती नजरचूक आहे की शहाणपण? मी तरी शहाणपण म्हणेन. फक्त तुलना करताना जुन्या मापाने किती आणि नव्या मापाने किती हे वेगळं सांगायला पाहिजे, तेवढा प्रामाणिकपणा हवा.

---

कंदील

मान्य. हे मी लिहिताना विसरलो होतो.

---

दूरचादिवा

स्वतःचा अनुभव मागितलाय म्हणून लिहितो, नाहीतर हे मी कुठे बोललो नसतो.

माझ्या मित्राची नोकरी गेली. माझ्याच कंपनीत, माझ्यासारखंच काम. पहिल्या दिवशी मला वाईट वाटलं. आठवडाभरात मी घरी सांगत होतो की तो जरा जास्तच भांडायचा, वेळेवर यायचा नाही. खरं तर तो माझ्यापेक्षा वेळेवर यायचा. मी असं का केलं हे मला नंतर मेल्विन लर्नर यांच्या १९६६ च्या प्रयोगाबद्दल वाचताना कळलं. एका बाईला विजेचे झटके बसतायत असं लोकांना दाखवलं (झटके खरे नव्हते, ती अभिनय करत होती). ज्यांना तिचा त्रास थांबवायची संधी होती त्यांचं तिच्याबद्दलचं मत ठीक राहिलं. ज्यांना वाटत होतं की हे असंच चालू राहणार आणि आपल्या हातात काही नाही, ते तिलाच कमी लेखायला लागले.

वाचलं आणि मित्र आठवला. त्याच्या बाबतीत अन्याय झाला असं मी मानलं असतं तर उद्या तो माझ्यावरही होऊ शकतो हे पण मानावं लागलं असतं. ते झेपत नव्हतं म्हणून त्याच्यात खोट काढली. बेकारीवर कोणी बोललं की मी अजूनही पटकन "काम करणाऱ्याला काम मिळतं" म्हणून जातो, आणि मग जीभ चावतो.

---

रानवाट

मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे वाढवून सांगणाऱ्यांपैकी. आणि चांगल्या हेतूने. एका संस्थेसाठी मदत गोळा करायचे. आमच्या पाहणीत जो आकडा आला तो इतका छोटा वाटत होता की पत्रकात तो कोणी वाचणार नाही असं आम्हाला वाटलं, म्हणून "हजारो" लिहिलं. एकाने विचारलं, कुठून आला हा आकडा? उत्तर नव्हतं. त्यानंतर आमच्या खऱ्या आकड्यावर पण कोणी विश्वास ठेवला नाही, आणि ज्यांच्यासाठी करत होतो त्यांचं काम दोन वर्षं मागे गेलं. त्या बायकांना आम्ही काय सांगणार होतो?

खरं तर मोठ्या आकड्याने मन हलतं हाच गैरसमज आहे. तेलात सापडून मरणारे पक्षी वाचवायला किती पैसे द्याल असा एक जुना अभ्यास आहे, २००० पक्षी म्हटलं तर लोक सरासरी ८० डॉलर म्हणाले, २०,००० म्हटलं तर ७८, आणि २,००,००० म्हटलं तर ८८. शंभरपट पक्ष्यांनी जवळजवळ काहीच फरक पडला नाही. आम्ही शून्यं वाढवून नुसती विश्वासार्हता घालवली.

१९६४ मधला न्यूयॉर्कमधल्या किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून, ३८ जणांनी बघितला आणि कोणी हललं नाही म्हणून जगभर सांगितला गेला. त्या ३८ वर किती भाषणं झाली. पुढे २०१६ मधे ती बातमी देणाऱ्या वर्तमानपत्रानेच ती सदोष होती असं मान्य केलं, इतक्या लोकांनी सगळा प्रकार पाहिलाच नव्हता. मदतीला न जाण्याचा प्रश्न खरा आहे, त्यावर चांगलं संशोधन झालं. पण आता तो विषय काढला की समोरचा म्हणतो, ते तर खोटंच निघालं ना!

---

उंबरठा

सगळ्यांचे आभार, इतकं मनापासून लिहाल असं वाटलं नव्हतं.

साधामाणूस, तुमचा प्रतिसाद वाचून मला माझंच वाक्य ऐकू आलं. "बाऊ करू नकोस" आणि "मनाचे खेळ" यात फरक काहीच नाही. मी तिला पूर्वग्रहदूषित ठरवलं होतं, कागदावर मोजलं तेव्हा पूर्वग्रह माझा निघाला. एमिली प्रोनिन यांच्या २००२ च्या अभ्यासात हेच आहे, लोकांना असे पूर्वग्रह दुसऱ्यात जास्त आणि स्वतःत कमी दिसतात. पण मला वाटतं नुसतं कुसळ-मुसळ म्हणून सोडायला नको. ज्याला त्रास होतो त्याचा पूर्वग्रह असू शकतो, हो, पण त्याच्याकडे माहितीपण असते. जो नाकारतो त्याच्याकडे बऱ्याचदा फक्त पूर्वग्रहच असतो, कारण तो तिथे नसतोच. हे दोन एका तराजूत घालून "दोन्ही बाजूंनी अतिरेक होतो" म्हणणं मला आता जमत नाही.

दूरचादिवा, मित्राशी बोललात का नंतर?

मी काल त्या सहकारीला मेसेज केला, ती आता दुसरीकडे आहे. रेघांच्या कागदाबद्दल सांगितलं आणि माफी मागितली. तिचं उत्तर आलं, "तुम्हाला कळायला कागद लागला, मला रोज कळत होतं." पुढे लिहिलं होतं की तिच्या नव्या टीममधे ती हेच मोजून बघणार आहे.

---

दूरचादिवा

नाही बोललो अजून. नंबर आहे माझ्याकडे.

---

साधामाणूस

उंबरठा, बरं वाटलं वाचून. मघाशी जरा तावातावाने लिहिलं मी.

मोजपट्टी, तुम्हाला एक विचारायचंय. तुमच्यासारख्याने आमच्या वासाच्या तक्रारीचं काय मोजलं असतं? म्हणजे असं काही की परत मनाचे खेळ म्हणता येणार नाही.

---

मोजपट्टी

एक वही करा. प्रत्येक पाळीला कोण कुठे उभं होतं, त्या दिवशी कुठलं काम चाललं होतं, खिडक्या आणि पंखे चालू होते की बंद, हे आधी लिहायचं, त्रास व्हायच्या आधी. मग कोणाला काय झालं, किती वाजता सुरू झालं, घरी गेल्यावर किती वेळाने थांबलं. सुट्टीच्या दिवशी पण लिहा. प्रत्येकाने आपलं आपण लिहायचं, एकमेकांचं न बघता, म्हणजे एकाचं बघून दुसऱ्याला वाटलं असं म्हणायला जागा राहत नाही.

आणि ज्या दिवशी काहीच त्रास झाला नाही तो दिवस तर अजिबात सोडू नका. लोक नेमकं तेच लिहीत नाहीत आणि तिथेच अडकतात. त्रास ठरावीक कामाच्या दिवशीच होतोय आणि बाकीच्या दिवशी नाही, हे दाखवायला ते कोरे दिवसच लागतात. महिनाभर झालं की मला सांगा, आपण मिळून कोष्टक करू.

---

साधामाणूस

वही आजच घेतो. आम्ही पाच जण आहोत.

---

नदीकाठ

ज्या विभागात वास येत नाही तिथल्या दोघातिघांनाही लिहायला सांगा. आणि वहीचा फोटो रोज काढून ठेवा.